बारीक काळी पाच

“दोन आवाज आहेत, वृंदा,” मामा खुर्चीतून म्हणाले. “एक मोठा आहे, तो कुणालाही ऐकू येईल. दुसरा बारीक आहे. तो आजवर एकालाही ऐकू आलेला नाही.”

मी त्या वेळी टेबलाच्या मागे, भिंत आणि अॅम्प्लिफायर यांच्या सापटीत बसले होते. पदर खोचलेला, केसांत जळमटं आणि दातांत स्क्रूड्रायव्हर. त्यामुळे बोलता येईना, नुसतं ‘हूं’ केलं.

“मोठा आहे तो धड पांढरी पाच नाही, धड काळी चार नाही. मधेच कुठंतरी लोंबकळतोय मेला. बारीक मात्र बरोबर काळी पाच. वरच्या सप्तकातली. एकदा सापडली की तुला सोडणार नाही बघ.”

मामा म्हणजे माझे सासरे, नारायणराव बेडगकर. मिरजेत सगळे त्यांना आबा म्हणायचे. पेट्या, म्हणजे हार्मोनियम जुळवणं हा त्यांचा धंदा. पेटीच्या पोटात पितळी जिभा असतात, त्या हलक्या हातानं खरवडायच्या, ऐकायच्या, पुन्हा खरवडायच्या, असं ते काम. वाद्यांच्या या गावात पेटी जुळवणारे आणखीही होते, पण दोघांचं एका सुरावरून वाजलं की दोघंही उठून आमच्याकडे यायचे. आबांनी ऐकून सांगितलं की वाद मिटायचा. वर कुणी अपील करत नसे.

रोज अंघोळ झाली की मामा वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि टेपवर तानपुरा लावायचे. याला ते ‘कान धुणं’ म्हणायचे. कान धुतल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. दिवाळीपासून तो टेप-स्पीकरचा सेट बिघडला होता. म्हणजे कान धुतलेले नव्हते, म्हणजे काम बंद. बाहेरच्या खोलीत पेट्या चादरी पांघरून ओळीनं बसल्या होत्या, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशा. गिऱ्हाइकं चकरा मारून मारून थकली होती. माझा नवरा सुहास कुपवाडला कारखान्यात होता. तो संध्याकाळी बूट काढता काढता विचारायचा, “झाली का आज एखादी?” आणि मामा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, “आधी सेट.”

“नवा घेऊन टाकू की.”

“नव्याला माझ्या कानाची सवय कुठं आहे?”

यावर सुहास माझ्याकडे बघायचा आणि आत जायचा.

मेकॅनिक येऊन गेले नाहीत असं नाही. शेवटी मामांनी रिक्षात घालून सेट इक्बाल मुजावरच्या दुकानात नेला. इक्बाल तिशीचा, शांत स्वभावाचा, रेडिओपासून लाउडस्पीकरपर्यंत सगळं दुरुस्त करणारा. त्याच्या दुकानात सेट छान वाजला. मामा म्हणाले, “बारीक आवाज आहेच. आणि डावा स्पीकर दबलाय.” इक्बालनं कान लावून बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, “आबा, मला तर काही ऐकू येईना. दोन्ही सारखे वाजतायत.” मामांचा पारा चढला. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. त्यांच्यासमोर ते म्हणाले, “बहिरा आहेस काय रे? मग कापडाचं दुकान काढ. या धंद्यात कशाला आलास?”

घरी येऊन त्यांनी हे सगळं आम्हाला रंगवून सांगितलं होतं. कापडाच्या दुकानावर आम्ही हसलोही होतो.

मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. लग्नानंतर त्याचा उपयोग एवढाच की गल्लीतले बिघडलेले रिमोट माझ्याकडे यायचे. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला बेळगावला गेल्या होत्या, घरात दिवसा आम्ही दोघंच. त्या दुपारी जेवण झाल्यावर हात पुसता पुसता मामा म्हणाले, “तू शिकलीयस ना यातलं? मग बघ की जरा.” माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी काढलेलं हे पहिलंच वाक्य. मला इतका आनंद झाला की भांडी तशीच मोरीत टाकली आणि ट्रंकेतून माझी हत्यारं काढली.

मोठा आवाज सापडायला फार वेळ लागला नाही. क्रिकेटची मॅच मोठ्या स्पीकरवर ऐकावी म्हणून सुहासनं दिवाळीत टीव्हीची वायर अॅम्प्लिफायरला जोडली होती. टीव्हीच्या पाठीत केबलवाल्याची काळी वायर. घराच्या अर्थिंगचं आणि त्या केबलच्या अर्थिंगचं पटत नव्हतं, आणि दोघांच्या भांडणात स्पीकर बिचारा गुरगुरत होता. मी टीव्हीच्या मागची केबल उपसली. खोलीतली घुमघुम एकदम थांबली. दिवाळीपासून तिची इतकी सवय झाली होती की ती गेल्यावर घर मोठं झाल्यासारखं वाटलं.

मी सापटीतून डोकं बाहेर काढून बघितलं. मामांचे डोळे मिटलेलेच होते, पण चेहरा खुलला होता.

“गेला,” ते म्हणाले. “मोठा गेला. शाबास गं पोरी. एवढे बाप्ये येऊन गेले, एकाला जमलं नाही. आता तो डावा स्पीकर बघ.”

मी तानपुऱ्याची टेप लावली. मला दोन्हीकडून सारखंच ऐकू आलं. पण मला कान नाही, हे घरात सर्वमान्य होतं. आरतीतसुद्धा मी हळू म्हणावं असा सासूबाईंचा आग्रह असायचा. म्हणून मामा म्हणतात ते धरून चालायचं ठरवलं. अॅम्प्लिफायरच्या मागे स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. डावीची उजवीला, उजवीची डावीला.

“आता?”

“डावाच दबलाय.”

तारांची अदलाबदल केल्यावर दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो मशीनचा. जागचा हलला नाही तर स्पीकरचा. आम्हाला हे पहिल्याच वर्षी शिकवलेलं. म्हणजे स्पीकरच बिघडलाय असं म्हणून मी तारा पूर्ववत केल्या आणि ते जड लाकडी खोके ओढत ओढत इकडचा तिकडे नेला, तिकडचा इकडे आणला. घाम फुटला.

“आता बघा.”

मामा थोडा वेळ ऐकत राहिले. “डावाच,” ते म्हणाले.

आमच्या पुस्तकात तिसरी शक्यता दिलेली नव्हती. माझंच काहीतरी चुकतंय असं वाटून मी पुन्हा सगळं जोडलं, पुन्हा विचारलं. उत्तर तेच. मामा रागावले नाहीत. उलट मला धीर देत म्हणाले, “राहू दे. तो नंतर बघू. आधी बारीक पकड. टेप बंद कर आणि आवाज पूर्ण वाढव. म्हणजे तुलाही ऐकू येईल.”

मी टेप बंद केली आणि आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. स्पीकरमधून नुसता वाऱ्यासारखा सूं येत होता. मामांनी ओळीतली एक पेटी पुढं ओढली, चादर बाजूला केली, एका हातानं भाता धरला आणि वरच्या सप्तकातली काळी पाच दाबली.

“हा सूर. हा डोक्यात धर. आता मी पेटी थांबवतो. लगेच स्पीकरकडे ऐक. हाच सूर तिथं आहे.”

त्यांनी भाता थांबवला. डोळे मिटले. मी डाव्या स्पीकरला कान लावला. सूं. मग उजव्याला. सूं. मनातल्या मनात त्या काळी पाचचा शोध घेत होते आणि स्वतःच्या कानांना शिव्या देत होते. इतक्यात तो सूंही बंद झाला. मी मान वळवली. अॅम्प्लिफायरचा लाल दिवा विझला होता. स्वयंपाकघरात फ्रीजची घरघर थांबली होती. त्या काळात आमच्याकडे दुपारी लोडशेडिंग असायचं. वेळ ठरलेली असायची, पण पाळायचे ते आपल्या मर्जीनं.

“हां,” मामा डोळे मिटूनच म्हणाले. “आता बघ किती स्वच्छ ऐकू येतोय. मागचा सगळा कचरा गेला. काय केलंस गं?”

मी उठून पंख्याचं बटण दाबून बघितलं. पंखा हलला नाही.

“ऐकलास ना? नुसती काळी पाच. मी म्हणत होतो की नाही?”

“मामा,” मी म्हटलं, “लाईट गेलीय.”

“आं?”

“लाईट गेलीय. सेट बंद आहे.”

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग दिव्याकडे. हात पुढं करून त्यांनी अॅम्प्लिफायरचं बटण स्वतः खाली-वर केलं. मग मागं टेकून बसले. त्यांचं बोट अजून त्या काळ्या पट्टीवर दाबलेलं होतं, पण भाता थांबलेला असल्यानं पेटीतून काही येत नव्हतं.

मग पेटी बाजूला सारून ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. उजव्या हाताचा तळवा उजव्या कानावर घट्ट दाबला.

“बोल काहीतरी,” ते म्हणाले.

“मामा, चहा ठेवू का?”

ते तसेच उभे.

“मामा, चहा ठेवू का?” मी मोठ्यानं विचारलं. रस्त्यानं जाणारी बाई थांबून खिडकीतून बघायला लागली.

“बोल की,” मामा भिंतीला म्हणाले.

मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. लग्न होऊन आल्यापासून नमस्कार करताना पायांना हात लागला असेल तेवढाच, खांद्याला कधी नाही. त्यांनी कानावरचा हात काढला आणि वळले.

“बोललीस?”

“हो.”

“काय?”

“चहा ठेवू का म्हटलं.”

“ठेव,” ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

त्यांनी चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाले, “म्हणजे सेट चांगला आहे.” आणि थोड्या वेळानं, “सुहासला सांगू नकोस. कुणालाच नको. पेटी जुळवणाऱ्याचा कान गेला हे आज कळलं, तर उद्या या खोलीत नुसत्या चादरी राहतील. आबा बेडगकर म्हणजे दुसरं काय आहे गं? नुसता कान तर आहे.”

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

संध्याकाळी सुहासनं बूट काढता काढता विचारलं, “झाला का सेट?”

“वृंदानं केला,” मामा म्हणाले. “तुझ्या त्या केबलचा दोष होता.”

“बघा. घरची मेकॅनिक सोडून गावभर फिरलात. आता बसा पेट्यांना.”

“बसतो,” मामा म्हणाले. पण बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतरही ते कान धुऊन झाल्यावर एकेका पेटीवरची चादर काढायचे, आतली धूळ पुसायचे आणि चादर पुन्हा घालायचे.

मी त्यांना फिरायला नेते असं सांगून दवाखान्यात नेलं. मिरजेत दुसरं काही नसलं तरी दवाखाने भरपूर. डॉक्टरांनी कानाला यंत्रं लावून बघितलं आणि सांगितलं की डाव्या कानाची नस सुकली आहे, ती परत येणार नाही. कानातला सूर तिच्यामुळेच आहे आणि तो बहुधा राहील. उजवा कान वयाच्या मानानं उत्तम आहे. मामांनी एवढंच विचारलं, “तो आवाज सुरात राहील ना?” डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मला कळला, आणि हसू आवरता आवरता डोळ्यांत पाणी आलं.

त्या आठवड्यात सुहासनं मॅचसाठी भुणभुण लावली. केबलच्या मधे बसवायचा एक छोटा तुकडा मिळतो, त्यानं घुमघुम न होता टीव्ही जोडता येतो. तो आणायला मी बाजारात गेले. इक्बालचं दुकान मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. पोस्टाजवळ एका पानवाल्याला विचारलं.

“इक्बाल मुजावर?” तो आठवायला लागला. मग म्हणाला, “हां, बहिऱ्याचं दुकान व्हय? मागच्या बोळात जावा. पण ताई, त्याच्याकडं कशाला जाताय? त्याला ऐकायला येत न्हाई. समोर नवं दुकान झालंय, तिथं जावा.”

“कुणी सांगितलं ऐकू येत नाही म्हणून?”

“आबांनी सांगितलंय की,” पानवाला म्हणाला. “आबा बेडगकर. त्यांच्यापुढं कोण बोलणार?”

मी बोळात गेले. समोरच्या नव्या दुकानात माणसं उभी होती. इक्बालच्या दुकानात तो एकटा, मांडीवर एक जुना रेडिओ घेऊन बसला होता. त्यानं माझं नाव विचारलं आणि ‘बेडगकर’ ऐकताच उठून उभा राहिला.

“आबांचा सेट झाला का, वहिनी?”

“झाला. केबलमुळे घुमत होता.”

“ते मला वाटलंच होतं. इथं केबल नव्हती म्हणून घुमला नसणार. पण आबा म्हणाले तो दुसरा आवाज? बारीक?”

मी मान खाली घातली आणि काउंटरवरच्या वायरी बघायला लागले. वचन दिलेलं होतं.

“मला नाहीच ऐकू आला तो,” इक्बाल म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला सोसेना. “नंतर मी दवाखान्यात जाऊन कान तपासून आलो. मशीन लावून बघितलं त्यांनी. म्हणाले, दोन्ही कान चांगले आहेत. मी म्हटलं, साहेब, परत एकदा नीट बघा, आबा बेडगकर म्हणालेत. परत बघितलं. तेच म्हणाले.” त्यानं मला हवा तो तुकडा कागदात बांधून दिला. “पण यंत्राला काय कळतंय? वाजवून बघतो तेव्हा मलाच आता भरवसा वाटत नाही. दुरुस्त झालं असं वाटतं, आणि लगेच वाटतं की असेलही एखादा आवाज, आपल्याला ऐकू येत नसेल.”

परतताना मी रिक्षा केली नाही, चालतच आले. घरी आल्यावर मामांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसले आणि जे ऐकलं ते सगळं सांगितलं. पानवाल्याचं, समोरच्या दुकानाचं, यंत्राचं. सांगून संपल्यावर ते म्हणाले, “कान तपासून आला?”

“हो.”

“माझ्या एका शब्दावर?”

“डॉक्टरांना म्हणाला, परत बघा, आबा म्हणालेत.”

मामांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं कितीतरी वेळ पुसत बसले. “त्याला ऐकू येत होतं,” ते म्हणाले. “बरोबर ऐकू येत होतं. आणि माझं ऐकून त्यानं स्वतःचं ऐकायचं सोडलं.”

“आपण त्याला एकट्याला सांगू या,” मी म्हटलं. “तो चांगला आहे. बाहेर बोलणार नाही.”

“एकट्याला बोललो होतो का?”

“नाही.”

“मग एकट्याला सांगून त्याचं काय भागणार?”

“पण मामा, पेट्या...”

“हां,” ते म्हणाले. “पेट्या आहेतच.”

त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. सुहासला वाटलं पोट बिघडलंय.

रविवारी सकाळी मामांनी धुतलेलं धोतर, कोट, टोपी असा लग्नाला जायचा थाट केला आणि मला म्हणाले, “चल.” सुहासला काही कळेना. “बापलेकीसारखे कुठं निघालात दोघं?” त्यानं विचारलं. मामा म्हणाले, “आल्यावर सांगतो. तुला ऐकायचं असेल तर तूही चल.” तो उठलाच नाही, मॅच होती.

आम्ही बोळात पोचलो तेव्हा इक्बालच्या दुकानात कुणी नव्हतं. मला वाटलं बरंच झालं. पण मामा आत जाईनात. समोरच्या नव्या दुकानाच्या पायरीपाशी जाऊन उभे राहिले. तिथं गर्दी होती. आबा आले म्हटल्यावर माणसं आपोआप सरकली, कुणी खुर्ची आणली. मामा बसले नाहीत. त्यांनी पलीकडे हाक मारली.

“इक्बाल, जरा बाहेर ये.”

इक्बाल हातातली सोल्डरची डागणी ठेवून दारात आला. त्याचा चेहरा उतरला होता. आता आणखी काय ऐकायचंय, असंच त्याला वाटलं असणार.

“माझ्या सेटमध्ये दुसरा आवाज नव्हता,” मामा म्हणाले. आवाज खणखणीत होता, बोळाच्या तोंडापर्यंत गेला असेल. “तू म्हणालास ते खरं होतं. तो आवाज माझ्या कानात आहे. डावा कान माझा पूर्ण गेलाय. दवाखान्यात दाखवून आलो. त्या दिवशी या पोराला मी बहिरा म्हटलं ते तुम्ही ऐकलंत, आता हे पण ऐका. बहिरा मी आहे. याचा कान चांगला आहे.”

मी त्यांचा कोपर धरून जमिनीकडे बघत होते.

इक्बाल रस्ता ओलांडून आला. “आबा, असं काय बोलताय,” तो हळूच म्हणाला. “असेल हो आवाज. माझ्याच लक्षात आला नसेल. तुम्ही चला आत, चहा घेऊ.”

“काय म्हणाला हा?” मामांनी मला विचारलं. तो डाव्या बाजूला उभा होता.

मी उजव्या कानाशी जाऊन सांगितलं.

“खोटं बोलतोय,” मामा म्हणाले, “आणि तेही बेसूर. इक्बाल, मी सूर ऐकणारा माणूस आहे. एका कानानं का होईना, हे मला कळतं.”

गर्दीत बेडगच्या भजनी मंडळाचे म्हातारे तुकाराम खोत उभे होते. त्यांची पेटी आमच्याकडे दिवाळीपासून पडून होती. ते पुढं आले. “म्हंजे आबा, आता पेटी जुळवायचं बंद का?”

“तुमची पेटी घेऊन जा, खोत. तशीच आहे. धूळ तेवढी पुसलीय.”

“घिऊन कुठं जाऊ?” खोत म्हणाले. “आमच्या मंडळात धा माणसं. धाजणांचे मिळून तुमच्या एका कानाएवढं न्हाई व्हायचं. ऱ्हाऊ दे तिथंच. कवा येऊ सांगा.”

काहीजण हसले. मामा हसले नाहीत, पण माझ्या हातातला कोपर त्यांनी सोडवून घेतला. त्यांनी इक्बालच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या दुकानात जाऊन चहा घेतला. मलाही घ्यावा लागला, तो फार गोड होता.

मामांना वाटत होतं तसंच झालं. पुष्कळ पेट्या परत गेल्या. घेऊन जाणारी माणसं काहीतरी निमित्त सांगायची, लग्न आहे, गावाला जायचंय, आणि मामा चादर घडी करून ठेवायचे. सुहास तर हबकलाच होता. मला म्हणाला, “तुला माहीत होतं?” मी हो म्हटलं. त्यावर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आणि मग एका संध्याकाळी बूट काढल्यावर मुद्दाम फिरून बापाच्या उजव्या बाजूला जाऊन बसला. थोड्या पेट्या राहिल्या, त्या मामांनी जुळवल्या. आता ते पेटीला आडवे बसायचे, उजवा कान तिच्याकडे करून. मी कधी विचारायची, “मामा, काळी पाच?” ते म्हणायचे, “आहे की. ती कुठं जातेय?”

पण दुकानाचं ते नाव काही गेलं नाही. मामांनी भर बाजारात सांगितलं, लोकांनी ऐकलं, मान डोलावली, आणि दुकानाला बहिऱ्याचं दुकान म्हणणं चालूच ठेवलं. त्यांच्या मनात आता काही वाईट नव्हतं, इक्बालकडे गिऱ्हाइकंही परत येत होती. पण पत्ता सांगायला तो शब्द सोयीचा पडत होता. एकदा मामांच्या समोरच कुणीतरी तो वापरला. तेव्हापासून मामांनी रोज दुपारी जेवण झालं की कोट चढवायचा आणि इक्बालच्या दुकानात जाऊन दारातल्या स्टुलावर बसायचं असं सुरू केलं. इक्बाल सुरुवातीला अवघडायचा, मग त्यानं स्टुलावर गादी घातली. मामांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत हे चाललं.

एकदा मी त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला गेले होते. आत इक्बाल एका अॅम्प्लिफायरवर वाकला होता. बाहेरगावचा कुणी शेतकरी खांद्यावर पिशवीत टेप घेऊन बोळातून आला, इकडे तिकडे बघितलं आणि दारातल्या म्हाताऱ्याला विचारलं,

“बाबा, बहिऱ्याचं दुकान हेच का?”

आत इक्बालचा हात थांबला. मामांनी उजवा कान त्या माणसाकडे केला, पुन्हा विचारायला लावलं आणि नीट ऐकून घेतलं.

“हेच,” ते म्हणाले. “बहिरा मी. दुरुस्त करणारा आत आहे, त्याला सगळं ऐकू येतं.”

आणि स्टूल जरा बाजूला ओढून त्यांनी त्याला आत जायला वाट करून दिली.